उंबऱ्यावरची मीठ-भाकर

औरादच्या मराठी शाळेत रुजू झालो त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी एका भल्या माणसाशी खोटं बोललो. वार बुधवार होता आणि मी म्हणालो, ‘आज माझा उपास आहे.’ आमच्या घराण्यात बुधवारी कुणी उपास केल्याचं ऐकिवात नाही. पण तोंडात दुसरं काही आलंच नाही. समोर उंबऱ्यात तो माणूस उभा होता. दोन्ही हातांवर पांढरा टॉवेल पसरलेला, टॉवेलवर ज्वारीची गरम भाकर आणि भाकरीच्या मधोमध पितळेची एवढीशी वाटी, मिठानं भरलेली.

‘या, सर,’ तो म्हणाला. ‘तुकडा मोडा, मिठाला लावा, खावा आन् मग आत या. रशियात अशी रीत हाय.’

हे तुळशीराम मास्तर. तुळशीराम लिंबाजी. माझ्याच शाळेत भूगोल शिकवायचे. मी बिदरच्या मैलूरचा, सोवळ्याच्या घरातला. आईनं निघताना पिण्याच्या पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा बांधून दिला होता. मास्तरांच्या घरानं चार-पाच वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. एवढं सांगितलं की माझ्या उपासाचं कारण वाचणाऱ्याला कळेल. सांगताना आजही लाज वाटते, पण न सांगता मास्तर सांगता येत नाहीत.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. वाटी जरा पुढे करून म्हणाले, ‘उपासाला मीठ चालतंय की, सर.’

आता काय बोलणार? मी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि आत गेलो. आतून त्यांच्या बायकोचा, सोजरबाईंचा, हसू दाबल्याचा आवाज आला. त्यानंतर अकरा महिने मी त्या घरात जात राहिलो आणि अकरा महिने नुसत्या मिठावर आत शिरत राहिलो. वार कोणताही असो, मास्तर भाकर पुढे धरायचे, मी बोटानं मीठ उचलायचो, ते बाजूला सरकायचे. माझा इतका मोठा उपास पाहून कुठलाही देव प्रसन्न झाला असता.

हे रशियाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते वह्यांच्या कव्हरांमुळे. रशियाहून मराठीत एक चकचकीत मासिक यायचं. त्याचा कागद जाड आणि गुळगुळीत. बिदरच्या रद्दीवाल्याकडून त्याचे गठ्ठे औरादच्या बाजारात यायचे आणि शाळेतल्या निम्म्या पोरांच्या वह्यांना तीच कव्हरं असायची. कुणाच्या गणिताच्या वहीवर बर्फ, कुणाच्या वहीवर ट्रॅक्टर. मास्तर वह्या तपासता तपासता कव्हरं वाचायचे. एकदा एका वहीवर त्यांना एक चित्र दिसलं. नक्षीदार झग्यातली एक बाई, तिच्या हातांवर भरतकामाचा टॉवेल, त्यावर गोल गरगरीत भाकर आणि मिठाचं भांडं. खालची ओळ कात्रीत गेलेली. मास्तरांनी त्या पोराला नवं कव्हर घालून दिलं, चित्र घरी नेलं, आणि मासिकावरचा पत्ता शोधून मॉस्कोला मराठीत पत्र लिहिलं की ही बाई काय करते आहे ते कृपया कळवावे.

चार महिन्यांनी उत्तर आलं. पोस्टमन महेबूबभाई ते पाकीट सायकलच्या हँडलला न लावता छातीशी धरून घेऊन आले होते म्हणे. उत्तर मराठीत होतं, टाइप केलेलं. आमच्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला भाकर आणि मीठ देण्याची फार जुनी रीत आहे, पाहुणा कोण, कुठला हे विचारण्याआधी ते द्यायचं, असा मजकूर होता. शेवटी लिहिलं होतं की शहरांतून आता ही रीत लग्नापुरती किंवा मोठ्या पाहुण्यांपुरतीच उरली आहे. मी मास्तरांना म्हटलं, ‘बघा, तेच लोक विसरायला लागलेत.’ मास्तर म्हणाले, ‘त्यांना विसरू द्या की. आपुन ध्यानात ठिवू.’

सोजरबाईंनी चित्रात बघून टॉवेलवर लाल दोऱ्यानं भरतकाम केलं. चित्रात दोन्ही कडांना कोंबडे होते. सोजरबाईंचे कोंबडे औरादच्या उकिरड्यावरच्या कोंबड्यांसारखे झाले, एकाला तर तीन पाय आले. मास्तरांना त्याचाही अभिमान. भाकर मात्र रशियासारखी फुगीर पाहिजे म्हणून त्यांनी एकदा हट्ट धरला. सोजरबाईंनी वीतभर जाड भाकर थापली, ती मधे कच्ची राहिली आणि त्या म्हणाल्या, ‘रशियाची भाकर म्हणं. थापायलेव मीच की. जशी येती तशी खावा.’ तेव्हापासून भाकर औरादची राहिली.

चहाचंही तसंच. मास्तर बिनदुधाचा चहा पेल्यात घेत, वर लिंबू पिळत आणि चमच्यानं गुळांबा तोंडात ठेवून त्यावरून घोट घेत. रशियात मुरंबा असतो, आपल्याकडे गुळांबा, असा हिशेब. महेबूबभाई एकदा बसले होते. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘मास्तर, ये तो सुलेमानी है. इसके वास्ते रशिया कायकू?’ मास्तर म्हणाले, ‘महेबूबभाई, गुळांबा तोंडात धरो, फिर बोलो.’ महेबूबभाईंनी धरला. मग काही बोलले नाहीत, आणखी एक चमचा मागितला.

प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप बसायचं, ही आणखी एक रीत. एकदा आम्ही पाच मास्तर कसल्याशा प्रशिक्षणाला बिदरला निघालो होतो. बस लागली, कंडक्टर ओरडायला लागला, आणि आम्ही पाचही जण स्टँडवरच्या दगडी कट्ट्यावर माना खाली घालून बसलेलो. कंडक्टर म्हणाला, ‘कोण गेलं ओ?’ त्याला वाटलं आम्ही मयतीला निघालोय. मास्तरांनी त्यालाही बसवला असता, पण तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत दार आपटून आत गेला.

त्या काळात रशिया म्हटलं की लोकांचे कान टवकारत. बिदरहून साध्या कपड्यातला एक माणूस येऊन मास्तरांबद्दल गावात विचारपूस करून गेला. घरीही गेला. मास्तरांनी त्यालाही उंबऱ्यात मीठ-भाकर दिली. त्यानं मुकाट्यानं खाल्ली, आत बसला, लिंबाचा चहा प्याला आणि निघून गेला. परत आला नाही. वर काय कळवलं असेल कुणास ठाऊक, मीठ आणि भाकर याखेरीज त्याला काय सापडणार होतं. हेडमास्तरांनी मात्र काळजीनं विचारलं, ‘तुळशीराम, तुम्ही त्या पार्टीत-बिर्टीत आहात का?’ मास्तर म्हणाले, ‘त्यांचं राज्य त्यांच्यापशी, सर. मला त्यांचं दार आवडलंय.’

या सगळ्यात शाळेला हलवलं ते नावांच्या रीतीनं. मासिकातून त्यांना कळलं की रशियात माणसाला मान द्यायचा तर त्याच्या नावाला बापाचं नाव जोडून हाक मारतात. साहेब नाही, राव नाही, जी नाही. शिपाई असो की मंत्री, नाव आणि बापाचं नाव. औरादला कशी हाक मारतात ते मी ऐकलं होतं. एखादा माणूस सत्तर वर्षांचा झाला तरी गल्ली पाहून त्याला इठ्या नाहीतर धोंड्या म्हणायचं. मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून शाळेत सगळ्यांना रशियन पद्धतीनं हाका मारायला सुरुवात केली. मी दत्तात्रय गोविंद झालो. वर्गातली पोरंही झाली. ज्या पोराला घरीदारी किश्या म्हणत, तो हजेरीत किसन रामजी म्हटल्यावर ताठ उभा राहायला लागला.

आमच्या शाळेत पाणी भरायला आणि घंटा द्यायला गयाबाई होती. साठीच्या पुढची, तोंडानं फटकळ. मास्तरांनी तिला वडलांचं नाव विचारलं. ती म्हणाली, ‘कामून? मेल्याला किती वर्सं झाली.’ तरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळेला मास्तर वर्गातूनच म्हणाले, ‘गयाबाई सटवाजी, घंटा द्या.’

घंटा झाली नाही. मी बाहेर आलो तर गयाबाई लोखंडी टोला हातात धरून नुसती उभी. मग खाली बसली. पदर डोळ्यांना लावला. ‘लगीन झाल्यापसून बापाचं नाव कानावर आलं न्हवतं, मास्तर,’ म्हणाली. ‘पंचेचाळीस वर्सं मी ह्याची बायकू आन् त्याची माय. मला बाप व्हता हे मीच इसरलेव.’ त्या दिवशी मधली सुट्टी दहा मिनिटं उशिरा झाली आणि कुणीही तक्रार केली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर गयाबाई मास्तरांच्या दारात गेली. मीही माझं नेहमीचं मीठ खायला चाललो होतो. गयाबाईचं घरही शिवाशिव पाळणारंच. पण तिनं टॉवेलवरच्या भाकरीचा चांगला तळहाताएवढा तुकडा मोडला, मिठात बुडवला, तोंडात टाकला आणि चावत चावत आत जाऊन सोजरबाईंशी बोलत बसली. मागे मी, चिमूट पुढे करून. मला माझ्या हाताची शिसारी आली. चार बुकं शिकलेला मी, अकरा महिने वारांची नावं शोधत होतो. मी तुकडा मोडला. भाकर गरम होती, मीठ जाडसर होतं. मास्तर म्हणाले, ‘उपास सुटला का, दत्तात्रय गोविंद?’ मी म्हणालो, ‘सुटला.’ सोजरबाईंनी आतून दुसरी भाकर पाठवली.

मग एकदाच, त्या दिवशी, त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांचे वडील लिंबाजी गावकीचं काम करायचे. दिवस मावळताना घरोघर भाकर मागत फिरायचे, पायऱ्यांपासून चार हात लांब उभं राहून. धर्म बदलला त्या वर्षी त्यांनी भाकर मागायचं बंद केलं आणि पुढच्या वर्षी गेले. मास्तर म्हणाले, ‘माझ्या बापानं ह्या गावाच्या सगळ्या दारांत उभं राहून भाकर घेतली. एक दार मी उघडं ठिवलंय. गावानं तिथं येऊन घ्यावी. मागायची गरज न्हाई, म्या देयलाव.’ थोडं थांबून म्हणाले, ‘विश्वनाथअप्पा आले म्हंजी गाव आलं.’

विश्वनाथअप्पा म्हणजे गावचे मोठे शेतकरी, पंचायतीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता. शाळेला जागा त्यांनी दिली होती, दुष्काळात विहीर सगळ्यांना खुली केली होती. पण त्यांचा शेताकडे जायचा रस्ता मास्तरांच्या दारावरून होता आणि रोज सकाळी हा खेळ चालायचा. मास्तर टॉवेल घेऊन उंबऱ्यात. ‘या अप्पा.’ अप्पा चालता चालताच हात वर करायचे. ‘येताव, येताव. आज जरा गडबड हाय.’ दहा वर्षं अप्पांना रोज गडबड होती. सोजरबाई चिडायच्या. ‘रोज एक भाकर वाया. त्यो काय येयना. तुमी कामून उभं राहायलाव?’ मास्तर ती भाकर स्वतः खायचे आणि शाळेला यायचे. वाया मात्र जाऊ दिली नाही.

मग काही वर्षांनी सूर्यफूल आलं. आमच्याकडे तोवर करडई. रशियातून आलेल्या वाणाचं बी सरकारनं वाटलं आणि अप्पांनी चार एकर पेरलं. पहिल्या वर्षी निम्मं पीक राघूंनी खाल्लं. दुसऱ्या वर्षी असं तरारून आलं की लोक बैलगाड्या करून बघायला येऊ लागले. मास्तरांनी गावाला बिया दातांनी फोडून खायला शिकवलं, रशियात खातात तशा, आणि शाळेत टरफलांचा खच पडून गयाबाई सटवाजीच्या शिव्या सगळ्यांनी खाल्ल्या.

त्या साली तालुका कचेरीतून निरोप आला की रशियाचे दोन शेतीतज्ज्ञ अप्पांचं सूर्यफूल बघायला येणार. गावात धांदल उडाली. पाहुण्यांची नावं असलेला कागद माझ्याकडे आला, कारण कमानीवरची अक्षरं मी काढायची होती. त्या दोघांतल्या बाईंचं नाव वेरा निकोलायेव्ना, त्यातलं दुसरं बापाच्या नावावरून. पंचायतीत बैठक बसली. सनई, हार, नारळ सगळं ठरलं आणि मी मधेच बोललो, ‘अप्पा, त्यांच्यात मीठ-भाकरीनं स्वागत करतात.’ अप्पा म्हणाले, ‘व्हय की. आपल्या मास्तरला म्हाईत हाय. बोलवा त्येला.’

मास्तर आले. मला वाटलं, आता अप्पा म्हणतील, तुमच्या घरून भाकर आणा. मास्तरांनाही तसं वाटलं असावं, त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी लावली होती. अप्पा म्हणाले, ‘मास्तर, तुमी निस्तं सांगा कसं करायचं ते. भाकर आमच्या घरून येईल.’

मला माझीच जीभ हासडावीशी वाटली. मास्तरांनी सगळं नीट सांगितलं. टॉवेल कसा धरायचा, वाटी कुठे ठेवायची, भाकर साधी पाहिजे, मीठ जाडसर पाहिजे. काहीही राखून ठेवलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?’ ते म्हणाले, ‘रीत माझ्या मालकीची हाय का, दत्तात्रय गोविंद?’ पण त्यांचा चेहरा उतरला होता. त्या दिवशी त्यांनी गुळांब्याशिवाय चहा घेतला.

पाहुणे आले त्या दिवशी नेमका बाजार. जीप बाजाराच्या तोंडाशीच अडकली, म्हणून पाहुणे पायी निघाले. पंचायतीपुढे अप्पांच्या घरचं ताट आलं. चांदीचं ताट, भरजरी रुमाल. पण अप्पांच्या घरातल्या बायांना हा प्रकार पटलाच नव्हता. सातासमुद्रापलीकडचा पाहुणा आणि त्याच्या हातावर मीठ-भाकर ठेवायची? लोक तोंडात शेण घालतील. म्हणून त्यांनी तुपात भिजलेली पुरणपोळी केली होती आणि वाटीत मिठाऐवजी साखर घातली होती. वेराबाई, पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, उन्हानं लाल झालेल्या. त्यांनी पोळीचा तुकडा वाटीत बुडवला, तोंडात घातला, जराशा थबकल्या, आणि हसून मान हलवली. चांगल्या वळणाच्या माणसासारखं हसल्या. अप्पांना काय झालं ते कळलं नाही. मला कळलं.

शेताकडे निघालो. रस्ता एकच, मास्तरांच्या दारावरून. मास्तर स्वागताला आले नव्हते. माझं दार माझ्यापशी हाय, म्हणाले होते. ते रोजच्यासारखे उंबऱ्यात उभे होते. तोच टॉवेल, तीन पायांचा कोंबडा वर, सोजरबाईंची भाकर, पितळेची वाटी. गल्लीत एवढी माणसं पाहूनसुद्धा त्यांनी आवाज चढवला नाही.

‘या, वेरा निकोलायेव्ना,’ ते म्हणाले.

बाई जागच्या जागी थांबल्या. आपल्या बापाचं नाव औरादच्या गल्लीत ऐकून त्या वळल्या, मास्तरांकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, आणि सरळ दारापाशी गेल्या. तुकडा मोडला, मिठाला लावला, खाल्ला. मग कमरेत वाकून नमस्कार केला आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्याबरोबर आलेला दुभाष्या म्हणाला, ‘त्या म्हणतात, असं माझी आजी करायची. आमच्या घरात आता रोजच्या दिवशी कुणी करत नाही.’ मास्तर म्हणाले, ‘त्यांना सांगा, इथं रोज करतेत.’

मग बाईंनी टॉवेलसकट भाकर आपल्या हातात घेतली आणि वळून सगळ्यांपुढे धरली. त्यांच्या रशियन सोबत्यानं खाल्ली. दुभाष्यानं खाल्ली. बिदरच्या अधिकाऱ्यांनी खाल्ली. मग भाकर अप्पांपुढे आली. बाई हसत होत्या. गल्लीतली सगळी माणसं, बाजाराला आलेली माणसं, माडीवरच्या बाया अप्पांच्या हाताकडे बघत होत्या. अप्पांनी तुकडा मोडला, मिठाला लावला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

संध्याकाळी आम्ही सगळे मास्तरांच्या घरी जमलो. महेबूबभाईंनी पेढे आणले. मी तर नाचायच्या बेतात होतो. सोजरबाई म्हणाल्या, ‘गिळला न्हवं त्येनं? झालं की आता.’

‘न्हाई, सोजर,’ मास्तर म्हणाले. ‘पाव्हणीच्या हातून खाल्ला. पाव्हणीपुढं न्हाई म्हणता येत न्हवतं. त्यात माझं काय?’

महेबूबभाईंनी पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पुन्हा टॉवेल घेऊन उंबऱ्यात उभे. अप्पा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ते दुसऱ्या, लांबच्या वाटेनं शेताला जायला लागले. मला वाटलं, संपलं. होतं तेही गेलं.

नवव्या दिवशी रविवार होता. दहा वाजले असतील, लख्ख ऊन. मी मास्तरांकडे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलो होतो. सकाळची भाकर मास्तरांनी खाऊन टाकली होती. बाहेरून आवाज आला.

‘तुळशीराम लिंबाजी घरात हायत का?’

मास्तरांचा हात तसाच राहिला. तो आवाज अप्पांचा होता. औरादमध्ये अप्पांनी त्यांना मास्तर म्हटलं होतं, मागं लहानपणी तुळश्या म्हटलं होतं. लिंबाजीचं नाव अप्पांच्या तोंडून अशा मानानं निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

मास्तर उंबऱ्यात गेले. अप्पा पायऱ्यांखाली एकटे उभे होते. बरोबर गडी नाही, डोक्यावर पटका, हातात काठी. म्हणाले, ‘त्या दिशी पाव्हणीनं दिलं म्हणून खाल्लं. मी काय तिच्या गावचा हाय का? मी ह्या गावचा हाय. तुमच्या हातचं खायला आलाव.’

मीच आत बघून म्हटलं, ‘सोजरबाई, भाकर.’ पिठाचा डबा वाजला. त्या म्हणाल्या, ‘थांबा म्हणावं जरा. तवा तापायलाय.’ दहा वर्षं वाट बघणाऱ्या त्या बाईच्या आवाजात कसलीही घाई नव्हती, आणि ते मला फार आवडलं.

अप्पा उन्हात उभे राहिले. आत भाकर थापल्याचा आवाज येत होता. अप्पा खाली बघून बोलायला लागले, ‘माझी माय वरच्या पायरीवरून टाकायची. लिंबाजी धोतराच्या सोग्यात झेलायचे. एखाद्या दिशी नेम चुकायचा, भाकर मातीत पडायची. ते उचलून झटकायचे आन् जोहार घालायचे. मी मायच्या मागं उभा राहून बगायचाव. ल्हान व्हताव. पर डोळे व्हते की मला.’

मास्तरांनी ते ऐकलं. मग एक गोष्ट केली जी कुठल्याच रशियन मासिकात नव्हती. रीतीप्रमाणे पाहुण्याला भाकरीआधी आत घेता येत नव्हतं. आणि दारात भाकरीसाठी कुणी खाली उभं राहावं हे त्यांना बघवत नव्हतं. मास्तर उंबरा ओलांडून पायऱ्या उतरले आणि अप्पांच्या शेजारी उन्हात जाऊन उभे राहिले. दोघंही दाराकडे तोंड करून भाकरीची वाट बघत.

सोजरबाई बाहेर आल्या तेव्हा टॉवेल त्यांच्याच हातावर होता. त्या त्याच पायऱ्या उतरल्या, दोघांच्या पातळीला आल्या आणि टॉवेल नवऱ्याच्या हातांवर ठेवला. मास्तर म्हणाले, ‘घ्या, विश्वनाथ शरणप्पा.’ अप्पांनी तुकडा मोडला. मिठाला लावला. खाल्ला. आणि आणखी एक मोडून मास्तरांच्या तोंडापुढे धरला. मी रडलो, उगाच लपवत नाही. मग दोघं मिळून आत आले आणि अप्पांनी पहिल्यांदा गुळांब्याचा चहा घेतला. ‘ह्यो रशियाचा का?’ म्हणाले. मास्तर म्हणाले, ‘लिंबू तुमच्याच मळ्यातलं हाय.’

पुढच्या सहा महिन्यांत त्या दारातून औराद आत आलं. कुणी उघड आलं, कुणी आधी मिठावर आलं. मिठावर येणाऱ्यांची मला ओळख पटायची, मी त्यांच्याकडे बघून हसायचो. पुढे पुढे इतर घरांतही पाहुणा आला की आधी मीठ-भाकर यायला लागली आणि पोरांना वाटायला लागलं की ही औरादचीच जुनी रीत आहे. मास्तरांनी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. भूगोलाचा मास्तर असून केली नाही.

निवृत्त होऊन मी मैलूरला परतलो. मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नातीच्या लग्नात. अप्पा तोवर गेले होते, पण त्यांची सुना-नातवंडं मांडवात वाढायला होती. घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत माणसांची रांग. प्रत्येक जण उंबऱ्याशी थांबून तुकडा मोडत होता. आत तीन तव्यांवर भाकरी चालल्या होत्या आणि मधोमध पाटावर बसून सोजरबाई सगळ्यांना रागावत होत्या. मास्तर उंबऱ्यात खुर्चीवर बसलेले, मांडीवर तोच टॉवेल, कोंबड्यांचा लाल रंग विटून गुलाबी झालेला. डोळ्यांनी त्यांना जवळजवळ काही दिसत नव्हतं. येणारा माणूस आपलं नाव आणि बापाचं नाव सांगायचा, ते मान डोलावायचे आणि टॉवेल पुढे करायचे.

माझी पाळी आली. मी म्हणालो, ‘दत्तात्रय गोविंद.’

त्यांचा चेहरा असा उजळला की मागची माणसं पुढे वाकून बघायला लागली. त्यांनी टॉवेल पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

‘थांबा,’ म्हणाले, ‘आज वार कोंचा हाय?’

बुधवार होता. मी तसं सांगितलं आणि वाटीला हात न लावता भाकरीचा सगळ्यात मोठा तुकडा मोडला.